जहाज सोडून कुठेही

बॉनेट उघडलं की गिऱ्हाईक वाकतं
आणि हिरमुसतं.
आत मॅटाडोरचं डिझेल इंजिन, खोकणारं.
मूळचं कुठंय?

बास्त्याव मिस्त्री रॉकेलने हात पुसतो.
सहा सिलिंडर, एका ओळीत, चोपन्न सालचे.
इतकं मऊ चालायचं
की बंद पडलं समजून शेठ पुन्हा स्टार्टर मारायचा.
पेट्रोल मात्र प्यायचं, लग्नातल्या मामासारखं.
त्र्याहत्तरला भाव भडकले तेव्हा मीच काढलं,
साखळीला टांगून, चार माणसं लावून.

कोणी घेतलं?

भाऊच्या धक्क्यावरच्या एकाने. मचव्यात बसवलं.
रेवसच्या पुढे जायचा म्हणे, पापलेटला.
मग एका वर्षी
नाही आला.

दारूखान्यात दुपारची घणाची ठोकाठोक.
बाकी सगळं तिचंच आहे साहेब:
स्टिअरिंगच्या दांड्यावरचे तीन गिअर,
आपलं तोंड रुंद दाखवणारा बंपर,
मागच्या सीटवर अख्खं वऱ्हाड.
आणि नाकावर हे, प्लिमथचं,
शिडं फुगवलेलं, क्रोमचं, वीतभर.

गिऱ्हाईक विचारतं, वरातीचा हार कुठे बांधायचा?

मिस्त्री फडक्याचं कोरडं टोक शोधतो.
जहाज सोडून
कुठेही.