चॅनेल सात

रात्रभर अठ्ठावीस सेट चार्जिंगला लावले होते
लक्ष्मीनगरच्या शाळेत, सहावी ब च्या बाकांवर.
लाल दिवे एकेक करून हिरवे झाले,
दोन लालच राहिले. त्यांच्या पाठीवर
मी पट्टी चिकटवली : आजारी.

सकाळी पोरं आली, पांढरे शर्ट, कडक इस्त्री.
दीक्षाभूमीकडे जाणारा रस्ता तेव्हाच भरून वाहत होता
आणि मोबाइल सगळ्यांचेच मुके.
आयटीआयच्या वर्गात उभी राहते तशीच उभी राहिले :

आधी अँटेना. पिळून बसवा, कोंबडीची मान समजू नका.
अँटेनाशिवाय बोललात तर आतलं काळीज जळतं,
आणि ते मंडळाच्या पावतीवर आहे.
मग वरची चकती. टक् झालं की सुरू.
सगळे सातवर. सात म्हणजे सात, संबोध,
तुझा लकी नऊ घरी ठेव.
फारच खरखरला तर स्क्वेल्च वाढवा, चूप बसतो.
तोंडापासून चार बोटं लांब.
बटण दाबा, एक श्वास थांबा, मग बोला,
नाहीतर पहिला शब्द गेटाबाहेरच राहतो.
बोलून झालं की ओव्हर, आणि बटण सोडा.
दाबलेलं असेल तोवर दुसऱ्याचं ऐकू येत नाही.

"आमच्या आत्यासारखं," उत्पला म्हणाली.

दुपारपर्यंत सात नंबर नुसता धावत होता.
राहाटे कॉलनी चौकात पाणी संपलं, ओव्हर.
पुस्तकांच्या ठेल्यापाशी एकाला भोवळ, स्ट्रेचर पाठवा, ओव्हर.
चष्मा सापडला, एकाच काडीचा, ओव्हर.

तीनला एक बाबा आले, कारंज्याकडचे,
पायात एकच चप्पल.
गर्दीत बायकोचा हात सुटला होता.
"आजीचं नाव सांगा, बाबा."
त्यांनी स्वतःचं सांगितलं. गावाचं. थोरल्या मुलाचं.
एसटीचा नंबरही सांगितला, पूर्ण.
"आजीचं, बाबा."
बाबा मंडपाच्या खांबाकडे पाहत राहिले.

उत्पलाने सेटच त्यांच्या हातात दिला.
"इथं दाबा. तुम्हीच बोला."
बाबांनी दाबलं, दोन्ही अंगठ्यांनी,
चालत्या गाडीची दांडी धरावी तसं.
आणि बोललेच नाहीत.

सात नंबर जागीच थांबला.
पाण्याचा टँकर, स्ट्रेचर, गेट दोन, सगळे तसेच;
सव्वीस सेटांतून एका म्हाताऱ्याचा श्वास,
मागे लांबची घोषणा, कुणाचं तरी रडकं बाळ.
बटण सोडा, म्हणायला मी तोंड उघडलं.
उत्पलाने माझं मनगट धरलं.

"अवो," बाबा म्हणाले, "आयकलं का."
परत काही नाही.
मग इतकं हळू, की कुणी उचलून नेईल की काय :
"कवतिका."

अंगठे मीच उचलले, एकामागून एक.

खर्र. काछीपुरा चौकातून संबोध :
"आहेत, आहेत! जेवणाच्या रांगेत, माझ्यासमोर.
पण मॅडम, त्या सेटाशी बोलून राहिल्या,
मी बटण दाबायच्या आधीच. ओव्हर."
"काय बोलून राहिल्या? ओव्हर."
"रागावून राहिल्या. साऱ्या नागपुरात
माहं नाव काहून घेतलं म्हणते. ओव्हर."

बाबा सेटावर वाकले. चार बोटं नाही, ओठ टेकलेले.
"जेवली का?"
उत्पलाचा अंगठा बटणावर पडला, पण अर्धा शब्द उशिरा.
पलीकडे गेलं ते एवढंच : का?

बराच वेळ खरखर.
"मॅडम, आजी विचारून राहिल्या,
का म्हणजे काय का. ओव्हर."

मध्येच कुणीतरी घुसलं :
टँकर आला, ओव्हर.