डिकीखालची छोटी

मोठी बॅटरी ब्याऐंशी टक्के.
वेगळ्या मीटरसाठी सेक्रेटरी भोईट्यांशी
तीन सभा भांडून, रात्रभर भरलेली.
टाकीत पेट्रोलही अर्धं.
आणि पहाटे पावणेसहाला, सीवूड्सला,
हातात सॅम्पलची पेटी, पेशंट उपाशी खोळंबलेले,
गाडी साधं दार उघडेना.

तुर्भ्याचा नजीर मुकादम हसला नाही, हे त्याचे उपकार.
"मोठीला काय धाड भरलीय, मॅडम?
मोठीला उठवायचं काम छोटीचं.
डिकीच्या गालिच्याखाली असते, बारा व्होल्टची.
ती मेली की वरच्या सगळ्या श्रीमंतीला कुलूप."
नऊ पॉइंट चार.
नवी घातली. सात हजार तीनशे.

चार दिवस साताऱ्याला लग्नाला जाऊन आले,
पुन्हा तेच.

मग त्याने दार उघडंच ठेवून
कुलपाच्या खाचेत पेचकस फिरवला, खट्,
गाडीला वाटावं दार लागलं, सगळे गेले.
"आता झोपू द्या. चाळीस मिनिटं.
किल्ली लांब ठेवा, तिच्या वासानंही जागी होते."
हे मला कळलं. मीही माणसांना रात्रभर उपाशी ठेवते
खरा आकडा हवा असला की.

फळकुटावर बसलो. समोर कांद्याचे ट्रक रिकामे होत होते.
दोन अँपिअर. पॉइंट नऊ. पॉइंट चार.
पॉइंट चार.
पॉइंट चार.
"अजून खाली यायला हवा. कुणीतरी पितंय."

एकेक फ्यूज उपटत गेला, घरोघर चौकशी करावी तसा.
रेडिओ नाही. आरसे नाहीत.
सीटचा हीटर (नवी मुंबईत!) तोही नाही.
तेविसावा काढला आणि आकडा कोसळला.

तेविसाव्याची तार डॅशबोर्डच्या पोटात शिरत होती.
शेवटी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली डबी,
काड्यापेटीएवढी, फुगलेली. आत सिम.
"ट्रॅकर. आतला सेल खराब, कितीही प्याला तरी भरत नाही.
दर दोन मिनिटांनी सांगतोय कुणाला तरी, गाडी कुठंय ते."

घणसोलीच्या कोरगावकरांनी गाडी विकताना चहा दिला होता.
पावत्या फायलीत, तारीखवार.
"आता चालवणारं कुणी उरलं नाही" एवढंच म्हणाले.
मी पुढे विचारलं नाही.
दहा हजार कमी करा म्हटलं.

डबी नजीरने कापून खोक्यात टाकली.
छोटी आता बारा पॉइंट सहा. आठवडाभर उभी राहिली तरी उठेल.

गुरुवारी रात्री साडेनऊला फोन.
"कोरगावकर बोलतोय. ओळखलंत? सहज केला.
गाडी... शनिवारपासून तुर्भ्यालाच आहे का हो?
ती छोटी बॅटरी बघून घ्या, डिकीखालची.
निनादला दोनदा दगा दिला होता तिने."

बदलली, मी म्हटलं. चालू आहे गाडी.

"हां. मग बरंय."
बराच वेळ फोन तसाच.
"पामबीचला सिग्नल सुटल्यावर फार दाबू नका.
सकाळचं रिकामं असतं ना, मोह होतो."

सकाळी मी तिथूनच जाते, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

खाली गेले. प्लग नीट बसलाय का बघितलं.
बसला होता.
तरी काढून पुन्हा लावला.