कुसळ

तक्रार मीच केली होती, हे आधी सांगून टाकतो.
नगरपालिकेचा छापील अर्ज, निळी शाई:
शेजारचं आवार. तण. कमरेइतकं. उंदीर होतील.
खाली सही, वेंडेल थीसेन.

आमच्या गल्लीत बारा घरं, बारा हिरवळी,
दर शनिवारी इस्त्री फिरवल्यासारख्या.
दारका प्रोकोपचुकनं नवरा गेल्यावर
गवत कापायचं यंत्र विकलं
आणि त्या पैशांचं बी आणलं:
सुईगवत, बर्गमॉट, जांभळं क्लोव्हर,
सॅस्कॅचवानात नांगर यायच्या आधी
जे इथलंच होतं ते.
दोन वर्षं काही नाही.
पिसं उपटलेल्या कोंबडीसारखं अंगण.
तिसऱ्या वर्षी ते उठलं,
आणि कुसळं माझ्या मोज्यांत.
मोज्यांत कसली, डोळ्यांतच.

निरीक्षक आला, पोरगेलासा, टेप घेऊन.
तिनं त्याला गुडघ्यावर बसवलं,
एक पान दाखवलं, कडेला गोल कापलेलं,
शिंप्यानं कापावं तसं.
"माशी नेते. पिल्लाला दुपटं लागतं."
तो टेप न उघडताच गेला.
मी पडद्याआडून पाहत होतो. चडफडत.

म्हणून कुंपण घालायचं ठरवलं.
ऐन ऑगस्टात हद्दीवर खड्डा खणला.
माझ्या बाजूला करंगळीभर मुळं,
खाली विटेसारखी माती.
तिच्या बाजूला दोन फूट, तीन,
कमरेपर्यंत उतरलो खड्ड्यात
तरी मूळ आपलं खाली चाललेलंच.
आणि माती काळी. ओलसर. पावसाचा थेंब नसताना.
चाळीस वर्षं धान्याचे ट्रक तोलले मी काट्यावर;
ही माती कधी तळहातावर घेतली नव्हती.
कुणाच्या मुळावर उठायचं
तर मुळापर्यंत पोचावं तरी लागतं.
खड्डा बुजवला.
खांब अजून गॅरेजमध्ये आहेत.

जानेवारीत उणे अडतीस.
माझ्याकडे नुसतं पांढरं.
तिच्याकडे वाळके दांडे बर्फातून वर,
त्यांवर रेडपोल, कपाळावर लाल ठिपका,
बोंडं फोडताहेत, भुसा सांडताहेत बर्फावर.
मी दुर्बीण शोधायला माळ्यावर चढलो.
या वयात.

मार्चमध्ये दारकाला सॅस्काटूनला नेलं,
खुब्याच्या ऑपरेशनसाठी.
फोनवर म्हणाली, वेंडेल, दांडे कापू नकोस इतक्यात.
आत माणसं झोपलीत.
माणसंच म्हणाली.
गुंगीत असेल.

मे निम्मा सरला तेव्हा कात्री घेऊन गेलो.
एका पोकळ दांड्याला चिखलाचं बूच होतं,
नखाएवढं, आतून लावलेलं.
कान टेकवला. काही ऐकू आलं नाही;
माझे कान तसेही कामातून गेलेत.
कात्री गवतात ठेवली
आणि बसलो बूट काढून,
गेल्या वर्षीची कुसळं वेचत,
एकेक तिच्या मातीत टाकत.

दोन-चार, गल्लीत कुणी नाही असं पाहून,
हद्दीच्या अलीकडे.