तीट

सोहारच्या बाजारात पहाटे चारला
बर्बेऱ्याहून आलेल्या मेंढ्या उतरतात.
दोन दिवस समुद्र. उभ्यानेच.
भ्यालेल्या जनावराचं पोट ढिलं होतं,
आणि आतड्यात जे इतके दिवस
गुपचूप भाड्याने राहिलं होतं
ते लोकरीवर येतं, खुरांवर,
शेजारणीच्या तोंडाला लागतं.
हे मला पुस्तकातून माहीत होतं.
इथे वासावरून कळायला लागलं.

मी कापसाचा बोळा फिरवते:
मानेवर, लोंबत्या मांडीवर, गुलाम रसूलच्या सुरीवर,
आणि त्या लाकडी ओंडक्यावर
ज्याला तो रोज रात्री मीठ चोळून झोपवतो.
"धुतलंय, बाजी," तो म्हणतो.
खरंच धुतलेलं असतं.
पाणी त्याच एका बादलीतलं.

सदतीस अंश. एक रात्र.
सकाळी ताटलीच्या लालसर भुईवर
वसाहती उगवलेल्या,
आणि प्रत्येकीच्या मध्यावर काळा ठिपका.

आई मला तीट लावायची,
गालावर, करंगळीने, जरा तिरकी,
मिरजेला दवाखान्यात न्यायची तेव्हा तर नक्कीच.
इथे तीट दिसली
की चाळीस धडं खड्ड्यात जातात, वर चुना.

मकबाली साहेबांनी सही केली.
मग नियमाप्रमाणे कामगारांच्या डब्या आल्या,
झाकणावर निळ्या शाईत नावं,
आत माणसाने कुणाला दाखवू नये ते.
बारा डब्या. अकरा कोऱ्या.
बाराव्या ताटलीत तोच ठिपका.

मेंढीने त्याला दिला की त्याने मेंढीला,
ताटली सांगत नाही.
फॉर्मवर एक रकाना आहे: उगम.
समुद्र लिहू?
बादली लिहू?
रकाना दीड इंचाचा.

त्याला ना ताप, ना जुलाब.
हेल्थ कार्ड तेवढं काढून घेतलं.
तीन नमुने कोरे येईपर्यंत घरी बसायचं;
घर म्हणजे आठ जणांची खोली,
वरचा पलंग, सगळ्यांत मिळून एक संडास,
आणि मुलतानहून येणारे फोन:
या महिन्याचे कधी पाठवतोस?

गुरुवारी तो खिडकीशी आला, दुसरी डबी घेऊन.
काउंटरवर ठेवली आणि हात पाठीमागे नेले,
शाळेत नखं तपासायला बाई आल्या
की आम्ही न्यायचो तसे.
"नीट बघ, बाजी."

मी हातमोजे चढवले.
त्याच्यासमोरच.
चढवावेच लागतात.