सातवी फेरी

सॅगिनॉच्या कारखान्यात बिटाची साखर होते.
रात्रपाळी सहाला सुटते. बूट मी दाराबाहेर काढतो,
तरी ओल्या मातीचा वास आत येतोच.
जॅनेल झोपलेली असते.
कंट्रोलर हातात घेतो.
माझ्या संघात आज दोन हजार अडतीस साल आहे
आणि ड्राफ्टची सातवी फेरी उरली आहे.

सामने मी खेळत नाही.
सामने यंत्र खेळतं, दोन सेकंदांत,
आणि निकाल सांगून मोकळं होतं.
मला हवी असते ही फेरी,
बत्तीस संघांनी सहा वेळा वेचून नेल्यावर
सुपात मागे राहिलेलं.

यंत्रानेच घडवलेली पोरं ही.
गाव एकीकडचं, आडनाव दुसरीकडचं,
दाढीचे सगळे मिळून चार नमुने.
डॅरिक व्हँडरलूट. गार्ड. वजन तीनशे सहा.
ताकद बरी, पाय जड, एकूण गुण एक्कावन्न.
शेरा: संघात टिकणं कठीण.
मी त्याला घेतो.
कोणी विचारलंच, तर सांगेन स्वस्तात पडला.

दर आठवड्याला सरावाचे गुण वाटायला मिळतात.
शहाणा माणूस ते क्वार्टरबॅकला देतो.
मी डॅरिकच्या पायांत ओततो, चमच्या-चमच्याने.
एक्कावन्नचे त्रेपन्न. त्रेपन्नचे अठ्ठावन्न.
जॅनेल उठते, दात घासत घासत बघते,
आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर,
जिथे तिच्या उंचीच्या रेघा आहेत,
तिथेच शेजारी त्याच्याही रेघा पेन्सिलीने ओढते.
एक्कावन्न इंच ती. एक्कावन्न गुण तो.
"बाबा, हा माझ्याएवढा होता," ती म्हणते,
फेस उडवत.

मीही गार्ड होतो.
एप्रिलच्या एका रविवारी आईने अख्खी गल्ली जेवायला बोलावली होती.
फोन टेबलाच्या मधोमध, मॅकरोनीच्या भांड्याला टेकून.
तो दोनदा वाजला.
एकदा मावशीचा: आला का रे फोन?
दुसऱ्यांदाही मावशीचाच.
मॅकरोनी बुधवारपर्यंत पुरली.

एका वर्षी जॅनेलने तिसरी फेरी मागून घेतली
आणि पंटर उचलला!
पंटर, म्हणजे आपलं काही जमेना झालं
की चेंडू लांब लाथाडून देणारा माणूस.
का, तर त्याचं आडनाव पिकल्सायमर,
आणि तिला लोणचं आवडतं.
मी कपाळावर हात मारला.
पिकल्सायमर आजही खेळतोय. चाळिशी गाठली,
एक दिवस दुखापत नाही.

डॅरिक एकोणऐंशीवर पोचला होता.
मग गुडघा. मग दुसरा गुडघा.
वर चढायला सहा मोसम लागले, उतरायला दोन.
आज ऑगस्टअखेर आहे, म्हणजे पडद्यावर;
खिडकीबाहेर फेब्रुवारी, आणि बर्फ काढायचंय.
त्रेपन्न जागा, चोपन्न माणसं.
मी त्याच्या नावावर जातो, बटण दाबतो,
आणि यंत्र विचारतं: नक्की?

बराच वेळ मी त्या प्रश्नाकडे बघत बसतो.
तेव्हा बत्तीस खोल्यांमधल्या
एखाद्या तरी खोलीत, एखाद्या तरी माणसाने
असं विचारलं असेल का, माहीत नाही.
विचारायला माझं नाव तरी फळ्यावर असायला हवं.

"नाही दाब," जॅनेल म्हणते, एक हात कोटात.
"मग काढू कोणाला? पिकल्सायमरला?"
ती विचार करते. खरंच विचार करते.
बाहेर शाळेची बस हॉर्न देते.
"त्याला सांगशील ना पण, नीट?"
सांगेन म्हणतो.

बस गेल्यावर मी हो दाबतो.
डॅरिकचं नाव यादीतून जातं, खालची नावं एकेक ओळ वर सरकतात.
ना भाषण, ना टाळ्या.
मी चौकटीपाशी जाऊन उभा राहतो.
तो अकरा मोसम खेळून गेला,
तेवढ्यात ती अर्धा इंच वाढलीय.

बर्फ नंतर काढू.
नवी पोरं आलीत, बघून तरी घेतो,
शेवटच्या पानावर कोण आहे.