बाद पाटी

इर्मट्रूडच्या गोठ्याचं छप्पर उतरवत होतो.
सत्तर वर्षांच्या पाट्या, खिळे गंजून दगडातच रुतलेले.
वरून चौथ्या ओळीत एक पाटी उलटी बसवलेली,
चांगली बाजू आत, गायींकडे.

फिरवली तर मासा.
मासा तरी कसा म्हणायचा, कुणी तव्याला शेपूट जोडावं तसा,
अंगभर चिलखत, त्यावर बारीक टिपक्या,
कडेला पायराइटची पिवळी झाक.
पुढे एक आडवी फट. तेवढंच तोंड.
जबडा नाही.

"बाबांनी ठेवलाय तो,"
खाली शिडी धरून ती म्हणाली.

तिचा बाप गेरविन वेर्दूंहून परत आला
तेव्हा नाकाखाली रुमाल होता.
रुमालाखालचं फक्त आईला ठाऊक.
हुन्सरुकच्या खाणीत त्याला पाट्या चिरायला बसवलं:
बसून करायचं काम, बोलावं लागत नाही.
मांडीवर दगड, धारेवर छिन्नी, एक टिचकी,
आणि चाळीस कोटी वर्षं
पुस्तकासारखी दोन्हीकडे पडायची.

मासा निघाला की पाटी बाद.
पाणी झिरपतं तिथून.
मुकादम फ्रिडोलिन न बघताच ढिगावर भिरकावायचा.

ही एक त्यानं कोटाखालून घरी आणली,
टेबलावर उभी केली,
आणि नळीनं सूप ओढत तिच्याकडे बघत बसला.
इर्मट्रूड तेव्हा सहा वर्षांची.
हा काय खायचा, तिनं विचारलं.
बापानं माशाच्या शेजारीच खडूनं लिहिलं:
चिखल.
बऱ्याच वेळानं त्याच्या खाली:
पुरला.

गावात अजून सांगतात,
गेरविननं कधी कुणावर दात-ओठ खाल्ले नाहीत,
कुणापुढे दाताच्या कण्या केल्या नाहीत.
कौतुकानंच सांगतात.
ती तेवढ्यापुरतं दुसरीकडे बघते.

मी म्हणालो, संग्रहालयवाले चांगले पैसे देतील.
ती काही बोलली नाही.
गळायचं का गं इथून?
"बरोब्बर तिथूनच.
कळत नव्हतं होय त्याला?
सगळा जन्म आम्ही खाली बादली ठेवली."

दुपारी नवीन पाट्यांचा ट्रक आला. स्पेनच्या,
एकसारख्या, एकीतही काही नाही.
चौथ्या ओळीपाशी मी थांबलो. तिनं वर पाहिलं.
"परत बसव. या वेळी तोंड बाहेर कर."

आणि बादली?

"बादली आहे की."