भंगार

खारीवाव रोडला, चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत
मी लोकांचे व्हिडिओ कापते.
मिनिटाला पंचेचाळीस रुपये. खाली अक्षरं हवी असतील तर साठ.
न्यायमंदिराकडचे रिक्षांचे हॉर्न वरपर्यंत येतात,
मी कान झाकून बसते,
हेडफोनची एक बाजू चिकटपट्टीने बांधलेली.

समरजित शिर्के आजवा रोडला बाइक चालवून बघतो.
त्याची फाइल एकच येते. बारा मिनिटं.
तीत शिंक असते, चुकलेलं मायलेज असतं,
एकदा गाय येऊन हँडल चाटून गेली.
असू दे ने ताई, म्हणाला, नॅचरल वाटतं.
पोट सुटलेलं, शर्टाचं एक बटण गेलेलं,
आणि बघतो असा
की कॅमेऱ्यानेच त्याची वेळ मागून घेतलीय.

खानवेलकर वहिनींच्या फाइली एकोणीस.
विषय, सुरळीच्या वड्या.
प्रत्येकीच्या सुरुवातीला, "परत करते हं."
कुणाला सांगतात, ठाऊक नाही.
घरात कुणी नसतं तेव्हाच करतात.
आधी ओढणी, मग दार, मग लेन्स,
नजर एकोणीस वेळा याच वाटेने जाते.
फोन बेसनाच्या डब्याला टेकवलेला. तो घसरतो.
मग बराच वेळ छत, पंखा,
आणि पंख्याखालून आवाज:
"गुठळी राहू द्यायची नाही."
सातव्या फाइलीत बाहेरून कुणी विचारतं, झालं का?
"झालंच," म्हणतात, आणि गॅस बंद करतात,
पीठ अर्धं शिजलेलं असताना.

तुम्ही बाईमाणूस म्हणून देते, म्हणाल्या.
चेहरा काढता येईल? हात राहू दे.
मी मनगटापर्यंत आणलं.
आता हजारो लोक त्यांचे हात ओळखतात.
खंडेराव मार्केटातला भाजीवाला
रोज त्याच हातांत सुट्टे पैसे ठेवतो, ओळखत नाही.

कापलेलं मी टाकून देत नाही.
एक फोल्डर आहे, नाव भंगार.
वहिनींचा सगळा चेहरा तिथे आहे.
चौदाव्या फाइलीत वडी फाटते.
ती उभ्यानेच तोंडात टाकतात,
लेन्सकडे बघत चावतात, सावकाश,
अकरा सेकंद, दाराकडे एकदाही न बघता.
मी विचारलं, हे ठेवू?
रात्री पावणेबाराला उत्तर आलं, नको.
मग अजून एक: मला एकटीला पाठवा.

शिर्क्यांचं त्यात चार सेकंदांपलीकडे काही नाही.
धरणाऱ्याच्या बोटाने चुकून कॅमेरा उलटला
आणि बाइकऐवजी एक बाई,
उन्हाने एक डोळा मिटलेला, दुसरा दचकलेला.
तोवर मला वाटायचं, फोन स्टँडवर असतो.
तेवढं उडव, त्याने लिहिलं होतं.

काल ती जिना चढून आली.
हातात हेल्मेट, तिच्या मापाचं नव्हे.
नाव सांगितलं, सुचेता.
"उडवलेलं कुठे जातं?"
मी स्क्रीन तिच्याकडे फिरवली.
चार सेकंद. परत चार सेकंद.
खालच्या दुकानात कुणीतरी
मोठ्याने अक्षरं वाचत होतं, वरच्या ओळीपासून.

"याचे किती?"
हिशेबाने तीन रुपये होत होते.
तिने पाचाचं नाणं ठेवलं. सुट्टे माझ्याकडे नव्हते.
"परत नको," म्हणाली,
"दोन रुपयांत
जेवढं लांबेल तेवढं लांबवा."